याकोब, पेत्र आणि प्रार्थना करणारी मंडळी

(ग्रामीण मंडळ्या व उपदेशक यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १२:१–१७.
जोडून वाचावे : प्रे. कृ. ४:२३–३१, मत्तय ५:४३–४८.
मुखोद्गत करावयाचे वचन : प्रे. कृ. १२:५.
पाठाचे तात्पर्य : छळाच्या काळची प्रार्थना म्हणजे कोणास सोडवावे हे देवास सांगण्याचा अधिकार नव्हे. विश्वासणाऱ्यास भय आणि द्वेष ह्या दोन धन्यांच्या हाती जाऊ न देणारे ते देवाचे सामर्थ्य आहे.

प्रास्ताविक

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी व तिच्यासारखी गावे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हा पाठ लिहीत आहो. शहरातील मंडळीस स्वतःचे मंदिर असते, पाळक जवळ असतो आणि संकट आले तर शंभर माणसे धावून येतात. खेड्यात एखाददुसरेच घर ख्रिस्ती असते. त्या घराचे शेत, पाणी, मजुरी, लग्नकार्य आणि मयत ही सर्व गावाशी बांधलेली असतात. अशा घरास जेव्हा विश्वासामुळे दुःख सोसावे लागते, तेव्हा उपदेशकास पहिला प्रश्न हाच विचारला जातो की, "आम्ही प्रार्थना केली, मग देवाने ऐकले का नाही?" ह्या प्रश्नास घाईने उत्तर देणारा उपदेशक बहुधा चुकीचेच उत्तर देतो. तेव्हा आपण शास्त्र उघडून, आणि आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास समोर ठेवून, सावकाश विचार करू.

१. छळ कशास म्हणावे?

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ख्रिस्ती मनुष्यावर आलेले प्रत्येक संकट हा छळ नव्हे. बांधावरून भांडण झाले, घेतलेले कर्ज फेडले नाही म्हणून सावकाराने तगादा लावला, किंवा आपल्या कठोर जिभेमुळे शेजारी दुरावला, तर त्यास धर्मासाठी छळ म्हणणे असत्य आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात (४:१५, १६) हाच भेद केला आहे. अपराधी म्हणून, किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख सोसणे ही लाजेची गोष्ट होय. ख्रिस्ती म्हणून सोसणे ही लाजेची गोष्ट नव्हे. म्हणून प्रार्थनेस बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे, "ह्या दुःखात माझा अपराध किती?" अपराध असेल तर आधी शेजाऱ्याकडे जावे, मग देवाकडे यावे.

परंतु खरा छळही असतो. पाणवठ्यावर अडविणे, ठरलेली सोयरीक मोडणे, कामावर न बोलाविणे, मयतास कोणी खांदा न देणे, घरच्याच माणसांनी दार लावून घेणे, ही सर्व शस्त्रे रक्त न काढता जखम करणारी आहेत. शास्त्रातील जी मंडळी आज आपण पाहणार आहो, तिच्यावर तर खरेच शस्त्र चालले होते.

२. पाठाचे विवेचन

ही गोष्ट इसवी सन ४४ च्या सुमाराची आहे. यहूदियावर हेरोद अग्रिप्पा राज्य करीत होता. त्याने योहानाचा भाऊ याकोब ह्यास तरवारीने मारिले. ह्या कृत्यामुळे काही लोक संतुष्ट झाले असे पाहून त्याने पेत्रासही धरिले. ते बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस होते. म्हणून सण संपल्यावर त्यास लोकांपुढे आणावे, असा त्याचा बेत होता. पेत्रावर चार चार शिपायांच्या चार टोळ्या, म्हणजे सोळा शिपाई नेमिले होते. दोन साखळ्या, दोन शिपायांमधील जागा, दाराबाहेर पहारेकरी, आणि शेवटी लोखंडी दरवाजा, असा तो बंदोबस्त होता.

दुसऱ्या बाजूस मंडळीजवळ काय होते? शिपाई नव्हते, दरबारी वशिला नव्हता, द्रव्यही नव्हते. पाचव्या वचनात लूक एका बाजूस तुरुंग ठेवितो आणि दुसऱ्या बाजूस मंडळीची आस्थेची प्रार्थना ठेवितो. तिसरी गोष्ट तो सांगत नाही. शिक्षकांनी हे वचन वर्गाकडून पाठ करून घ्यावे.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली, पेत्र झोपला होता. उद्या ज्याचा न्याय व्हावयाचा, तो दोन शिपायांमध्ये स्वस्थ निजला होता. दूताने कुशीवर मारून त्यास उठविले, तेव्हा तो जागा झाला. आम्हांस वाटते की साखळ्या गळून पडण्यापूर्वीच त्या प्रार्थनेचे एक फळ दिसून आले होते. दार उघडण्याआधीच भय निघून गेले होते.

दुसरी, प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास मोठा नव्हता. मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण जमून प्रार्थना करीत होते. पेत्राने दार ठोठाविले. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली. आतल्या मंडळीने काय केले? तिला वेडी ठरविले! ज्या गोष्टीसाठी ते रात्रभर विनंती करीत होते, तीच दाराशी येऊन उभी राहिली असता त्यांस खरे वाटेना. ह्यावरून दुर्बळांनी धीर धरावा. देव विश्वासाचे वजन तराजूत घालून मग उत्तर देत नाही. "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमचे ऐकले नाही," असे दुःखी घरास सांगणाऱ्या उपदेशकाने मरीयेच्या घरचा हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तिसरी, आणि सर्वांत कठीण, गोष्ट दुसऱ्या वचनात आहे. पेत्र सुटला, याकोब सुटला नाही. मंडळी पेत्रासाठी जागली आणि याकोबासाठी गप्प बसली, असे कोण म्हणेल? दोघे एकाच गालील समुद्रावरचे कोळी, दोघे प्रभूच्या निकटचे शिष्य. त्यांस पाचारणही एकाच वेळचे. तरी एकासाठी तरवार आणि एकासाठी दूत. लूक ह्याचे कारण सांगत नाही. पवित्र शास्त्र जेथे मौन धरिते तेथे आपण शहाणपणाच्या गोष्टी रचू नयेत.

मात्र एक गोष्ट प्रभूने आधीच सांगितली होती. जब्दीच्या मुलांच्या आईने आपल्या दोघां मुलांसाठी राज्यातील मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा प्रभूने त्या दोघांस आपल्या प्याल्याविषयी विचारले होते (मत्तय २०:२०–२३). एका भावाने तो प्याला लवकर व एकदम प्याला. दुसरा भाऊ योहान मागे राहिला, आणि भावाच्या मरणाचे दुःख उराशी धरून सेवा करीत राहिला. प्याला दोघांसही मिळाला; पिण्याची रीत मात्र निराळी होती.

३. आपल्या मंडळीतील दोन खटले

याकोब व पेत्र यांची गोष्ट फार जुनी व दूरची वाटत असेल, तर मुंबईतील दोन खटले पाहा.

१८३९ साली धनजीभाई नौरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठी खळबळ उडाली. पुष्कळ पालकांनी मिशनच्या शाळेतून आपली मुले काढून घेतली. धनजीभाईंस परत मिळविण्यासाठी प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने त्या तरुणास आपल्या इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली. तो ख्रिस्ती मंडळीत राहिला आणि पुढे पाळक झाला.

चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याचे वय सुमारे बारा वर्षांचे. तोही भावाबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता व त्यांच्याकडे जेवला होता. मात्र त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्याच्या वडिलांनी त्याच सुप्रीम कोर्टाकडे दाद मागितली. नारायण वयात आलेला असल्यामुळे त्यास कोणी रोखू शकले नाही. श्रीपत अज्ञान ठरला, आणि कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले.

कोर्ट एकच आणि शहरही एकच. प्रार्थना करणारी लहानशी मंडळीही बहुतेक तीच. पहिल्या वेळी दार उघडले, दुसऱ्या वेळी ते मिटले. आपल्या मंडळीचा पेत्र आणि आपल्या मंडळीचा याकोब असे एका दशकातच आपणांस दिसतात.

परंतु श्रीपतची कथा येथे थांबत नाही, आणि तिचा पुढील भाग आपण नम्रतेने ऐकावा. घरी परत आलेल्या त्या मुलास सनातनी मंडळी जातीत घेईनात. परधर्मीयांच्या घरी अन्न खाल्ले, म्हणून तो भ्रष्ट झाला असे ते म्हणाले. तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभा राहिला? "दर्पण" पत्राचे संस्थापक बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरिला, आणि त्याबद्दल स्वजातीयांचा मोठा रोष आपल्यावर ओढवून घेतला. मुलगा स्वधर्मात राहावा हाच बाळशास्त्र्यांचा हेतू होता, हे आपण लपवू नये. तरीही दोन्ही दारे ज्यास बंद झाली होती अशा एका लेकरासाठी त्या थोर पुरुषाने शिव्याशाप सोसले. त्या लेकरासाठी कोणी ख्रिस्ती मनुष्याने "प्रभो, ह्यास एकटे सोडू नकोस" अशी प्रार्थना केली असेल, तर तिचे उत्तर अशा हातून आले की जो हात मंडळीतला नव्हता.

येथे मुलाच्या बापाचाही विचार करावा. एक मुलगा गेला, दुसरा कोर्टाच्या पायऱ्या चढून परत आणावा लागला, आणि जातीच्या लोकांपुढे मान खाली घालावी लागली. ज्यास आपण विरोधी म्हणतो त्याच्याही डोळ्यांत पाणी असते. त्याच्यासाठी प्रार्थना न करणारी मंडळी अर्धीच प्रार्थना करिते.

४. प्रार्थनेचे रहस्य

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाचे दार का उघडते आणि दुसऱ्याचे का नाही? ह्याचे कारण आपणांस सांगितलेले नाही. पण प्रार्थनेची रीत सांगितलेली आहे.

गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने प्याला टळावा म्हणून विनविले, आणि तो टळला नाही (मत्तय २६:३६–४६). पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला; कृपा मात्र पुरेशी मिळाली (२ करिंथ १२:७–१०). म्हणून ज्याची विनंती नाकारली गेली तो देवापासून दूर आहे असे समजू नये. तो पुत्राच्या आणि प्रेषिताच्या पंक्तीस बसलेला आहे.

प्रार्थना हा मंत्र नव्हे. मंत्राचा जप ठराविक संख्येने केला तर फळ यावे अशी अपेक्षा असते, आणि फळ न आले तर उच्चारात चूक झाली असे मानितात. आपणांपैकी पुष्कळांच्या मनात ही जुनी समजूत अजून घर करून आहे. इतके उपास, इतक्या रात्री जागरण, मग देवाने दिलेच पाहिजे, असे आपण नकळत म्हणतो. प्रार्थना ही लेकराने बापाशी केलेली गोष्ट आहे. लेकरू मागते, रडते, रुसतेही; पण ते बापाच्या घरातून निघून जात नाही. निघून न जाणे ह्यातच अर्धा विश्वास आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. याकोबाच्या मरणानंतर मंडळीने प्रार्थना सोडली असती तर काय झाले असते? "मागल्या खेपेस उपयोग झाला नाही," असे म्हणून लोक आपापल्या घरी निजले असते. मरीयेचे घर अंधारात असते, आणि पेत्र सुटून आला असता तर त्यास दार उघडणारी रुदाही तेथे नसती. ज्या मंडळीची एक विनंती अमान्य झाली तीच मंडळी पुन्हा गुडघे टेकिते, हा आमच्या मते त्या रात्रीचा पहिला चमत्कार होय. लोखंडी दरवाजा त्यानंतर उघडला.

५. प्रार्थनेचे सामर्थ्य

प्रार्थना काय काय करिते हे शास्त्रावरून व इतिहासावरून पाहू.

(अ) ती धैर्य देते. प्रेषितांस न्यायसभेने धमकी देऊन सोडिले, तेव्हा मंडळीने एकमुखाने प्रार्थना केली (प्रे. कृ. ४:२३–३१). ती प्रार्थना नीट वाचा. धमकी देणाऱ्यांचा नाश कर, असे ते म्हणाले नाहीत. आमच्यावरचा छळ काढून टाक, असेही म्हणाले नाहीत. धमक्यांकडे प्रभूने पाहावे आणि आपणांस वचन सांगण्याचे धैर्य द्यावे, असे त्यांनी मागितले. ते मागणे त्याच ठिकाणी मान्य झाले.

(आ) ती मंडळीस एकत्र ठेविते. मादागास्कर बेटावर १८३५ साली राणी रानावलोना हिने आपल्या प्रजेस ख्रिस्ती धर्म पाळण्याची मनाई केली. परदेशी मिशनरी निघून गेले. १८३७ साली रासालामा नावाच्या स्त्रीस भाल्याने मारण्यात आले. मरणापूर्वी तिने गुडघे टेकून प्रार्थना केली. पुढे पुष्कळांस दंड, गुलामी व मरण सोसावे लागले. लोक रात्री गुप्तपणे जमत आणि शास्त्राची पाने लपवून ठेवीत. १८६१ साली राणी मरण पावली व मिशनरी परत आले, तेव्हा त्यांस मंडळी विझलेली नव्हे तर वाढलेली आढळली. त्या सुमारे पंचवीस वर्षांत तेथे ना पगारी पाळक होता ना उघडे मंदिर. वचन आणि प्रार्थना ह्या दोन गोष्टी मात्र होत्या.

(इ) ती लांब मुदतीत काम करिते. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या माणसांत राहिल्या. घर दुभंगले. लक्ष्मीबाईंच्या दुःखास पार नव्हता. "स्मृतिचित्रे" ह्या ग्रंथात त्यांनी ते लपविलेले नाही. त्या काळी टिळकांस एका दिवसात उत्तर मिळाले नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. त्यांचा स्वयंपाक व पाणी वेगळे होते. हळूहळू त्यांच्या मनास पटत गेले की माणसामाणसांतील उच्चनीच भेद माणसांनीच केले आहेत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांस ओढून आणिले नाही. ज्या घरात नवरा किंवा बायको एकटीच विश्वासात आहे, त्या घराने हा इतिहास ध्यानात ठेवावा. घाई व जबरदस्ती ह्यांनी जे होत नाही, ते प्रार्थना आणि सौम्य वर्तन ह्यांनी होते. पण त्यास वर्षे लागतात.

(ई) ती अनपेक्षित हातांनी साहाय्य पाठविते. न्यायसभेत प्रेषितांच्या वतीने बोलला तो गमलीएल परूशी होता (प्रे. कृ. ५:३४–३९). श्रीपतसाठी झगडले ते बाळशास्त्री होते. आणि तिसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातीलच आहे. ज्या नारायण शेषाद्रींच्या भावास कोर्टाने परत नेले, तेच पुढे पाळक होऊन निजामाच्या राज्यात जालना येथे सेवेस आले. तेथील मांग आदी समाजांतील गरीब कुटुंबे विश्वासात आली. त्यांस स्वतःच्या जमिनीवर पाय रोवता यावा, म्हणून नारायणरावांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. सालारजंग मुसलमान होते; तरी त्यांनी जमीन दिली. जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी राहिली. तेथे शेती होती, शाळा होती, उपासना होती. बेथेल म्हणजे देवाचे घर. आपला भाऊ राखण्यास ज्याचे हात अपुरे पडले, त्याच्या हातून परक्यांच्या लेकरांस घर मिळाले. ह्यावरून भावाचे दुःख फिटले असा हिशेब आम्ही मांडीत नाही. दुःखाचा हिशेब देवाजवळ आहे. तथापि दुःखाने त्या मनुष्याचे हृदय कडू झाले नाही, हे त्याच्या कामावरून दिसते.

६. शत्रूसाठी प्रार्थना

पोखर्णी येथील नृसिंहाच्या देवालयामुळे आपल्या भागात प्रल्हादाची कथा लहान मुलांसही ठाऊक असते. भक्ती सोडावी म्हणून बापानेच लेकराचा छळ केला, आणि लेकरू डगमगले नाही, अशी ती कथा आहे. आपल्या शेजाऱ्यांस भक्तासाठी छळ ही गोष्ट परकी नाही, हे उपदेशकाने ओळखावे व त्यांच्या श्रद्धेची कुचेष्टा कधीही करू नये. खांब दुभंगून छळणाऱ्याचा वध झाला एवढे सर्वांस आठवते. पण भागवतात असेही सांगितले आहे की वर मागण्याची वेळ आली तेव्हा प्रल्हादाने आपल्या बापास अपराधातून मुक्ती मिळावी म्हणून विनविले. शेजाऱ्याबरोबर पारावर बसून बोलावयाचे असेल तर ह्याच ठिकाणापासून बोलावे.

मग आपला विशेष काय? हाच की आपला प्रभू छळ करणाऱ्यांचा वध झाल्यावर नव्हे, तर त्यांच्या हाती खिळे व हातोडा असताच त्यांच्यासाठी क्षमा मागतो. स्तेफनाने दगडांच्या वर्षावात तीच रीत उचलली (प्रे. कृ. ७:५४–६०). मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळीत शौल नावाचा एक तरुण तेथे उभा होता. तोच पुढे पौल झाला. जो आज आपल्या दारावर दगड टाकितो, तो उद्या त्याच दारातून आत येणारा बंधू असेल, अथवा नसेल. दोन्ही प्रसंगी आपली प्रार्थना तीच असावी.

द्वेषाने केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. "देवा, त्याचे वाटोळे कर," असे म्हणणारा मनुष्य देवाला आपला भाडोत्री शिपाई करू पाहतो. छळणाऱ्याने आपले पाणी तोडिले तर आपण तहानेले राहतो. परंतु त्याने आपल्या मनात द्वेष भरिला तर तो जिंकला. प्रार्थना ह्या दुसऱ्या पराभवापासून आपणांस राखिते.

७. प्रार्थना आणि कर्तव्य

कोणी म्हणतील, "मग आम्ही नुसते सोसत राहावे काय?" नाही. दूत पुढे चालला, पण जोडा पेत्रालाच घालावा लागला, आणि कमरही त्यालाच बांधावी लागली. पौलाने बेकायदा फटके मारू पाहणाऱ्या अधिकाऱ्यास आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले (प्रे. कृ. २२:२५), आणि अन्यायाचा धोका दिसताच कैसराकडे दाद मागितली (२५:११). कायद्याचा आश्रय घेणे हा अविश्वास नव्हे.

आपल्या देशाच्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. हे स्वातंत्र्य जितके आपले तितकेच आपल्या शेजाऱ्याचेही आहे, हे विसरू नये. ह्याखेरीज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा असून तो २०१७ पासून अमलात आहे. जातपंचायतीने किंवा समाजाच्या गटाने एखाद्या व्यक्तीस अगर कुटुंबास वाळीत टाकणे हा त्या कायद्याने अपराध आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार पोलिसांकडे अथवा दंडाधिकाऱ्यांकडे करिता येते. उपदेशकाने ही माहिती मंडळीस द्यावी. मात्र तक्रार करावी ती सत्य, साधी आणि सूडबुद्धीशिवाय; आणि समेटाचे दार उघडे असेल तर आधी तेथून जावे.

८. उपदेशकांस सूचना

ज्या घरावर संकट आले आहे तेथे आधी जा, मग बोला. योबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले तोवर शहाणे होते. प्रार्थना लहान व साध्या शब्दांत करा. छळणाऱ्याचे नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि घरच्या मुलांस ती ऐकू द्या. मुलांच्या मनात वैर पेरले जाऊ नये, म्हणून हे फार अगत्याचे आहे. आठवड्यातून एक वेळ ठरवून जवळच्या दोनतीन गावांतील विश्वासणारे एका घरी जमवा. दोघे किंवा तिघे असले तरी पुरे. प्रभूचे अभिवचन तेवढ्यांसाठीही आहे. दूर असलेल्या घरास कळवा की अमुक वेळी तुमच्यासाठी प्रार्थना होत आहे. एकट्या पडलेल्या माणसास ही एक बातमी भाकरीसारखी असते. आणि ज्याची विनंती मान्य झाली नाही त्याच्यापुढे ज्याची झाली त्याची साक्ष मिरवू नका. पेत्राची गोष्ट सांगताना याकोबाच्या घरच्यांस विसरू नका.

बोध

पेत्राच्या गोष्टीत तुरुंगाचे दार देवाने उघडिले, पण मरीयेच्या घराचे दार मंडळीस उघडावयाचे होते. पेत्र ते ठोठावीतच राहिला. आपल्या गावातही पहिले दार देवाच्या हाती आहे; ते केव्हा आणि कोणासाठी उघडेल हे आपण जाणत नाही. दुसरे दार आपल्या हाती आहे. त्याच्या आत दिवा लागलेला असावा, दोघे तिघे गुडघ्यांवर असावेत, आणि बाहेर कोण उभा आहे हे पाहण्यास कोणीतरी रुदेप्रमाणे धावत जावी. बाहेर सुटून आलेला भाऊ असेल, सुटका न झालेल्याची रडणारी आई असेल, किंवा पश्चात्ताप पावलेला छळणाराही असेल. आपण दार उघडावे.

वर्गासाठी प्रश्न

१. पेत्रावर किती शिपाई नेमिले होते? मंडळीजवळ कोणते साधन होते?
२. विश्वासासाठी सोसलेले दुःख आणि आपल्या अपराधामुळे आलेले दुःख ह्यांत भेद कसा करावा?
३. मरीयेच्या घरी जमलेल्यांचा विश्वास कसा होता? त्यावरून दुर्बळांस कोणता धीर मिळतो?
४. धमकी मिळाल्यावर मंडळीने काय मागितले, आणि काय मागितले नाही? (प्रे. कृ. ४)
५. १८३९ व १८४३ सालच्या खटल्यांत काय फरक झाला? श्रीपतच्या मदतीस कोण आले?
६. आपल्या गावात ज्याच्यासाठी प्रार्थना करणे आपणांस सर्वांत कठीण वाटते असा कोण आहे? (ह्याचे उत्तर मोठ्याने सांगू नये, मनात ठेवून आजच त्याच्यासाठी प्रार्थना करावी.)

घरगुती वाचन

सोमवार : दानीएल ६:१–१०.
मंगळवार : प्रे. कृ. ४:२३–३१.
बुधवार : प्रे. कृ. ५:३३–४२.
गुरुवार : प्रे. कृ. ७:५४–६०.
शुक्रवार : २ करिंथ १२:७–१०.
शनिवार : मत्तय २६:३६–४६.
रविवार : प्रे. कृ. १२:१–१७.